उजवी पाकळी, डावं चाक

ताशी ९२

थरथर.

पंच्याऐंशीला नव्हती. अठ्ठ्याऐंशीला जराशी शंका आली. काटा ब्याण्णववर टेकला तसं स्टिअरिंग असं काही थरथरायला लागलं, की ते धरून बसलेल्या सगुण चित्रकाराचे दोन्ही हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत गुणगुणू लागले. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळकडे जाणारा महामार्ग समोर रुंद आणि सरळ पडला होता. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. रस्त्याच्या माथी मारावं असं काही दिसत नव्हतं.

शेजारी त्याची बायको कुसुम शेंगदाणे खात बसली होती.

"कुसुम, तुका थरथरता काय गे?"

"माका कित्याक थरथरतला? थंडी खय असा?"

"तू न्हय. गाडी."

कुसुमने तळवा दारावर ठेवला, मग सीटवर, मग समोरच्या फळीवर. डॉक्टर पाठ तपासतात तसं तिने दोन ठिकाणी टकटक करूनही बघितलं.

"काय नाय. बरी चलता. तुमचो हात तेवडो कापता."

आणि तिने पुढचा शेंगदाणा तोंडात टाकला.

सगुणने पाय उचलला. ऐंशी. थरथर गेली. त्याने पुन्हा दाबलं. नव्वद. आली. शेंगदाणे धारगळपर्यंत पुरले, पण सगुणला त्यानंतर कुसुम काय काय बोलली यातलं काही ऐकू आलं नाही.

ताशी ०

एका वाक्याने माणूस एवढा का हादरावा, हे कळायला गाडी बंद करून सगुणच्या चित्रशाळेत यायला हवं.

डिचोलीतल्या घराच्या पडवीत चौऱ्याऐंशी गणपती रांगेत बसले होते. मुकुट सोनेरी, पितांबर पिवळं, शेले कुसुमने रंगवलेले. डोळे मात्र नाहीत. डोळ्यांच्या जागी पांढऱ्या कोऱ्या खोबण्या. चवथीला एकवीस दिवस राहिले होते आणि डोळे रेखायचा मान, हक्क आणि घोर एकट्या सगुणचा होता. बाकी सगळं चुकलं तर खरवडून परत करता येतं. बुबुळ केसभर सरकलं तर गणपती वर्षभर लोकांच्या तोंडी राहतो.

सगुणला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचे वडील काशिनाथ यांचा हात छप्पन्नाव्या वर्षी कापायला लागला होता. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. त्या साली मुळगावच्या एका घरी गेलेल्या मूर्तीची नजर थेट स्वयंपाकघराकडे लागली. घर भिडस्त, कुणी तक्रार केली नाही. दीड दिवस सगळं कुटुंब गणपतीच्या नजरेत यायला म्हणून डावीकडे सरकून, एकमेकांच्या अंगावर रेलून आरती करत होतं. काशिनाथांनी विसर्जनाला ते डोळ्यांनी बघितलं आणि ब्रश खाली ठेवला तो कायमचा.

सगुणला या आषाढात छप्पन्नावं लागलं होतं.

धारगळहून परतल्यावर त्याने हात न धुताच जुन्या वर्तमानपत्रावर एक रेघ ओढून बघितली. रेघ गांडुळासारखी गेली. तासभर थरथरत्या स्टिअरिंगला घट्ट धरून आलेले हात होते ते, कुणाचेही असते तरी मुंग्यांनी भरले असते. हे त्याच्या डोक्यात आलं नाही. भ्यालेल्या माणसाच्या डोक्यात नेमकं तेवढंच येत नाही.

"डोळे कधी घालतलात?" कुसुमने विचारलं.

"रंग ओलो असा अजून."

रंग सुकून आठवडा झाला होता.

ताशी ४०

एक वाट होती. दोष गाडीचाच असेल. तसं असेल तर गाडीचा मेकॅनिक सांगेल. सगुण गौरेशकडे गेला. गौरेशचं गॅरेज डिचोली बाजाराच्या मागे. त्याने सगुणला शेजारी बसवलं, स्वतः स्टिअरिंग धरलं, म्हणाला, "सगुणबाब, आता बघा, मी धा मिनटांत रोग

*गतिरोधक*

सोदून काडतंय. गाडी माज्याकडे बोलता. तिसऱ्या गिअरार घातली की

*गतिरोधक, शाळेचा*

तिचो आवाजच सांगता काय झाला ता. तुमका खय थरथरता म्हणालात?"

"ब्याण्णववर."

"ब्या

*गतिरोधक. हा कुणी घातला ते ग्रामपंचायतीलाही माहीत नाही.*

ण्णव?" गौरेशने सगुणकडे असं बघितलं, जणू त्याने भर रस्त्यात काही अचकट विचकट म्हटलं. "सगुणबाब, मी हय बारा वर्सां गॅरेज चलयतंय. माझो काटो पन्नासाच्या फुडे गेल्लो नाय."

"मगे महामार्गार जावया."

"महामार्गार गेलंय तर हय पाच गाडये उघडून ठेवलेत ते कोण बघतलो?"

त्याने हवा तपासली. बरोबर. चाकांची अलाइनमेंट तपासली. बरोबर. गाडीखाली झोपून स्टिअरिंगचे सांधे हलवून बघितले. बरोबर. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "सगळा धड असा. आता तपासूचो एकच भाग रवलो."

"खयचो?"

"चलयतलो!" आणि त्याने गाडी चालवणाऱ्याकडे, म्हणजे सगुणकडेच, बोट केलं.

आपल्या विनोदावर गौरेश बराच वेळ हसला. सगुणही हसला, न हसता तर संशय आला असता.

ताशी ४, पायी

माणसांनी असं केल्यावर देवाला विचारायचं. सातेरीच्या देवळात प्रसाद लावायला सगुण चालत गेला; गाडी नेली असती तर ती गाडीची वशिलेबाजी झाली असती.

प्रसाद लावणं म्हणजे देवीच्या मूर्तीवर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली की कौल चांगला. कृष्णनाथ गुरव हे काम चाळीस वर्षं करत होता.

"कसलो प्रसाद?" कृष्णनाथने विचारलं.

"गाडयेचो. स्टिअरिंग थरथरता. गाडयेत खोट असा काय, ता विचार."

हाताचं तो बोलला नाही. कृष्णनाथच्या जिभेवर एकदा गोष्ट गेली की ती डिचोलीच्या बाजारात गाडीपेक्षा आधी पोचते. हाताचा प्रश्न त्याने मनात धरला. *आई, माझो हात बरो असलो तर उजवी दी.* गाडीत खोट असणं आणि हात बरा असणं ही एकच गोष्ट. दोन्हीला उजवी. हिशोब चोख होता.

फक्त कृष्णनाथ जुना माणूस होता. देवीकडे खोट मागायची नसते. उजव्या पाकळीला नेहमी शुभच बांधायचं, हा त्याचा नेम. तेव्हा त्याने गाऱ्हाणं घातलं ते असं:

"बा म्हाराजा! आई सातेरी! तुझो लेक सगुण काशिनाथ तुझ्या पायाकडे उभो असा म्हाराजा!"

(दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यानेच म्हटलं) "व्हय म्हाराजा!"

"तेची चार चाकांची गाडी, जी तुझ्या दारासून जाताना रोज हॉर्न मारून नमस्कार करता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या गाडयेत काय एक खोट नाय, गाडी धड असा, असा असात तर उजवी पाकळी दी गे माये!"

सगुणने डोळे उघडले. "अरे, उलटा"

उजवी पाकळी पडली.

"बघ!" कृष्णनाथला भरून आलं. "असो झटको प्रसाद वर्सात एकदा पडता. गाडी तुझी नितळ असा. जा."

सगुण पायऱ्या उतरला. तोंडाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: गाडी बरी. मनातल्या प्रश्नाचं उत्तर: हात बरा. दोन्ही बरे. मग महामार्गावर थरथरत काय होतं? आणि देवीला दोघांपैकी ऐकू कोण गेलं होतं? कृष्णनाथचा आवाज देवळाच्या घंटेवर जायचा. सगुणच्या मनाचा आवाज त्याला स्वतःलाही जेमतेम ऐकू येत होता.

गॅरेजची चिठ्ठी

वाटेत गौरेश भेटला. "काय कौल दिल्यान?"

"उजवी."

गौरेशने यापुढचं ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं होतं:

*गाडी: सगुणबाब. तक्रार: थरथर. तपास: देवीन उजवें सांगितलां. काम: पुढलें उजवें चाक काडलें, बॅलन्सिंग केलें, बशयलें. चाचणी: बाजारापर्यंत. निकाल: थरथर ना.*

ताशी ९२, परत

थरथर.

म्हणजे चाक नव्हतं. म्हणजे देवीला कृष्णनाथच ऐकू गेला होता. गाडी बरी. मग उजवा म्हणून जो काही उरला तो सगुणच्या खांद्याला जोडलेला होता.

पुढचे सहा दिवस सगुण चहा अर्धाच कप मागत होता, सांडू नये म्हणून. जेवताना आमटी डाव्या हाताने वाढून घेत होता. कुणी गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं तर "रंग ओलो असा" म्हणून पडवीच्या बाहेरच त्याला उभं करत होता. एक म्हातारी तशीही आत शिरली आणि चौऱ्याऐंशी बिनडोळ्यांचे गणपती बघून "देवा, ही सगळी झोपली कित्याक?" म्हणाली.

सातव्या दिवशी त्याने ठरवलं. पेडण्याला दत्ताराम चित्रकार राहत होता. पस्तीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या गणपतींना नावं ठेवली होती. दत्तारामच्या मते सगुणचे गणपती परीक्षेला बसल्यासारखे बघतात. सगुणच्या मते दत्तारामचे जेवून आल्यासारखे. पण दत्तारामचा हात दगडासारखा स्थिर होता; डोळे त्याला घालता आले असते. त्याच्याकडे जायचं, नमुन्याला एक मूर्ती न्यायची, आणि म्हणायचं... काय म्हणायचं ते कोलवाळच्या पुलापर्यंत ठरवायचं.

"पेडण्याक मूर्ती पोचवून येतंय," त्याने कुसुमला सांगितलं. मूर्ती मागच्या सीटवर ठेवली, तिला सीटबेल्ट लावला, रंगाची पेटी पायाशी ठेवली.

कोलवाळचा पूल आला. वाक्य ठरलं नव्हतं. काटा ब्याण्णववर गेला. थरथर आली. आरशात मागची मूर्ती डोळ्यांशिवाय त्याच्याकडे बघत होती. धारगळला महामार्गाच्या कडेला टायरचं एक दुकान दिसलं तिथे त्याने गाडी घातली, ती काही दुरुस्तीला नव्हे. पुढे जाववेना म्हणून.

ताशी ९५, दुसऱ्याच्या हातात

दुकानातून बेळगावकडचा एक जाडजूड माणूस बाहेर आला. नाव योगेश, असं शर्टावरच शिवलेलं होतं.

"हवा का पंक्चर?"

"कायच नाय. बसतंय जरा."

"काय झालं ओ मामा? तोंड का असं उतरलंय?"

परक्या माणसाला सांगणं किती सोपं असतं! सगुणने दहा दिवसांत घरी उच्चारलं नव्हतं ते एका दमात सांगून टाकलं. हात कापतो, नव्वदीच्या पुढे गेलं की कापतो.

योगेशने डोकं खाजवलं. "नव्वदीच्या पुढंच? आन् ऐंशीला?"

"ऐंशीला बरो असता."

"मामा, हाताला काय मीटर बसवलाय व्हय? सरका तिकडं. किल्ली द्या."

गाडी महामार्गाला लागली. सत्तर. ऐंशी. सगुण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, आपल्या हातांचा गाडीला संसर्ग होऊ नये म्हणून. नव्वद. पंच्याण्णव.

"आयला!" योगेश ओरडला. "काय नाचतंय ओ हे!"

सगुणने बघितलं. योगेशचे दोन्ही पंजे थरथरत होते. मनगटावरचं कडं खुळखुळत होतं.

"तुका... आदीपासून कापता मरे? कंपवात बी?"

"मी बत्तीस वर्साचा हाय मामा!"

"बापाशीक होतो काय?"

"बाप अजून कुस्तीच्या आखाड्यात माती उकरतोय! चाक हाय ते, चाक! बॅलन्स गेलाय!"

"परत सांग."

"बॅलन्स गेलाय!"

"माझ्या गाडयेचो?"

"न्हाई तर कुणाचा, सरकारचा?"

सगुणने हात मांड्यांखालून काढले आणि टाळी वाजवली. मग मागे वळून मूर्तीला म्हणाला, "आयकलंस?" योगेशने आजवर गाडीत बिघाड निघाला म्हणून कपाळावर हात मारणारी माणसं बघितली होती. हे नवीन होतं. त्याने वेग कमी केला, थोडा गाडीसाठी आणि थोडा मामांसाठी.

जॅकवर

"पण चाक केलां तां मी," सगुण म्हणाला. "उजवा. देवीन सांगितल्यान."

"कुणीकडनं उजवं? तुम्ही आत बसल्यावर, का मी असा गाडीसमोर उभारल्यावर?"

सगुण आत बसल्यासारखा उभा राहिला. मग गाडीसमोर उभा राहिला. मग देवी गाभाऱ्यातून बाहेर बघते हे आठवून पाठमोरा फिरला. तीन वेळा उजवं झालं, त्यातलं एक दुकानाच्या भिंतीत गेलं.

"म्हणून आमच्यात उजवं-डावं नसतंय," योगेश म्हणाला. "डायवर साइड आन् क्लीनर साइड. भांडणच न्हाई. ही डायवर साइड झालेली दिसतीय, वजनाचं शिसं नवीन हाय. आता क्लीनर साइड काढू."

त्याने पुढचं डावं चाक काढलं, उलटं करून जमिनीवर ठेवलं आणि शीळ घातली. रिमच्या आतल्या अंगाला, बाहेरून बघणाऱ्याला कधी दिसणार नाही अशा जागी, चतकोर भाकरीएवढा मातीचा पोपडा वाळून दगडासारखा चिकटला होता.

"हे बघा. एवढं वजन एकाच बाजूला. हळू असताना कळत न्हाई. नव्वदीला चाक असं भिरभिरतंय आन् हे एकटंच बाहेर वढतंय. मग स्टेरिंग नाचणार न्हाई तर काय करणार? कुठं चिखलात घातली हुती का?"

सगुणने पोपड्याचा कोपरा मोडला. दोन बोटांत चुरला. नाकाशी नेला. ही माती तो झोपेतही ओळखला असता. महिन्याभरापूर्वी, एक मूर्ती वाढली म्हणून, तो इथल्याच एका ओळखीच्या शेतात मातीची गोण आणायला गेला होता. बांधावर गाडी वळवताना पुढचं चाक मध्यापर्यंत रुतलं होतं. चार जणांनी ढकलून काढलं. गोण लादलेली म्हणून परतताना गाडी हळूच आणली, मग कुसुमला घेऊन निघेपर्यंत ती महामार्गावर नेलीच नव्हती. नंतर त्याने गाडी धुतलीही होती. बाहेरून.

"ही माझी माती," तो म्हणाला.

"तुमची असू द्या की. पर चाकात का ठिवलीय?"

सगुण त्याला उत्तर देण्यात वेळ घालवत नव्हता. त्याचा हिशोब चालला होता. गाडीत खोट नव्हती. हातात खोट नव्हती. देवीने दोघांचंही ऐकलं होतं आणि दोघांनाही खरंच उत्तर दिलं होतं. मातीबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. हे कृष्णनाथला कळता कामा नये. कळलं तर तो मरेपर्यंत बोलायचा थांबणार नाही.

योगेशने माती खरवडली, चाक यंत्रावर चढवलं, फिरवलं, आकडा बघून रिमच्या काठाला शिशाचा तुकडा ठोकला, पुन्हा फिरवलं. शून्य. मग म्हणाला, आलाच आहात तर मागचीही बघतो. एवढ्या वेळात सगुणने खाली सांडलेली माती गोळा केली, बादलीतल्या पाण्याचा शिपका मारून मळली आणि बोलता बोलता तिचा उंदीर केला. अंगठ्याएवढा. कान, शेपूट, पुढच्या पायात मोदक. टाचणीने त्याला डोळेही पाडले.

योगेशने तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ निरखला.

"मामा," तो म्हणाला, "हात कापतोय म्हणत हुता तो कुणाचा?"

ताशी ९५

स्टिअरिंग बंद दुकानाच्या कुलपासारखं गप्प. सगुण धारगळ ते कोलवाळ दोन वेळा उगाचच गेला आणि आला. पेडण्याच्या बाजूला तो वळलाच नाही. दत्तारामचे गणपती जेवून आल्यासारखेच बघतात, याबद्दल त्याची खात्री पूर्ववत झाली होती.

ताशी ०, पडवीत

"दत्तारामान नाय म्हटल्यान?" कुसुमने दारातच विचारलं.

सगुण मूर्ती उतरवताना थबकला. "तुका कोणी सांगितल्यान दत्तारामाचा?"

"बिनडोळ्यांची मूर्ती पेडण्याक पोचवूक कोण जाता? आणि रंगाची पेटी घेऊन? माका दिसला, तुमी भांडण मिटवूक गेलात. एवड्या वर्सांनी."

मग त्याने सगळं सांगितलं. महामार्ग, देऊळ, चिठ्ठी, अर्धा कप चहा. कुसुम कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"पण तुमका कोणी सांगितल्यान हात कापता म्हणून?"

"तूच."

"मी?"

"गाडयेत. शेंगदाणे खायत."

कुसुमने आठवून बघितलं. शेंगदाणे आठवले. खारट होते हेही आठवलं. वाक्य आठवेना. "आणि त्या एका शब्दार तुमी पंदरा दिस चौऱ्याऐंशी देवांक आंधळे ठेवलास?"

"पंदरा न्हय. काय तरी दहा."

"दहा!" म्हणून ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग खांबाला धरून. "म्हणान आमटी डाव्या हातान! माका वाटला, कसलो तरी उपास धरल्यात!"

सगुणने तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. हातपाय धुतले. पाट मांडला. पहिली मूर्ती समोर ओढली. बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक पिळून सुईसारखं केलं, श्वास रोखला.

मागून कुसुमचा आवाज आला. "पण उपास धरलो तर आमटी डाव्या हातान कित्याक, ता माका तेव्हाच विचारूक व्हया होता."

रोखलेला श्वास सुटला. त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग कोपर. सगुणने आपल्या हाताकडे नीट बघितलं. ब्रश थरथरत होता. चांगला जोरात थरथरत होता, ब्याण्णवला थरथरला नसेल इतका. त्याने तो वाटीवर आडवा ठेवला, पाटावर मागे रेलला आणि हसू ओसरायची वाट बघत बसला.

समोर चौऱ्याऐंशी जण रांगेत बसले होते. कुणालाच काही दिसत नव्हतं.